खुणेपर्यंत भरा

शिशीवर छापलंय : खुणेपर्यंत भरा,
झाकण घट्ट लावा, अठ्ठेचाळीस तास थांबा.
पाणी काळं पडलं तर पिऊ नका.
कशानं काळं पडलं
ते शिशी सांगत नाही.

माघाची सकाळ, वसमत.
झोळीत कॉलेजनं दिलेल्या साठ शिश्या
आणि गल्लीभर शिजत्या हळदीचा वास.

सोनटक्के मास्तरांकडं भिंतीवर मशीन.
विकणाऱ्यानं दोन सळ्या बुडवून
नळाचं पाणी तपकिरी करून दाखवलं होतं म्हणे.
"लोखंडच विरघळत होतं ते, पाण्याचा काय दोष,"
मास्तर हसले. तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं.
"पण सूनबाई घाबरली होती. पहिलटकरीण.
घेऊन टाकलं."

शमीमबीची मेणबत्ती झिजून अंगठ्याएवढी.
दर शुक्रवारी ती जुन्या ब्रशानं घासते,
लेकराचे दात घासावेत तशी.
प्रयागबाईंचा फिल्टर अजून प्लास्टिकातच,
वर दोऱ्याची विणलेली टोपी.
"पाहुणे आल्यावर काढू. आम्हाला जार येतो."
मी जारचंही पाणी घेतलं.
"पैसे मिळतेत का याचे?" त्यांनी विचारलं.
"मला मिळतेत, शिशीमागं सहा रुपये."
"मग घे की अजून दोन."

प्रत्येक घरी दोन शिश्या :
एक फिल्टरच्या तोटीची,
एक त्या पाण्याची जे पाहुण्याच्या हाती देतात.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
म्हणजे सांगितलं होतं, कागदावर,
पण मी ते नुसतं वाचलं होतं.

रात्री थंडी. शिश्यांना ऊब लागते.
गोधडीत गुंडाळून उशाशी घेतल्या.
आई म्हणाली, "काय गं, अंडी उबवायलीस का?"
हो म्हणलं. फुटली तर वासही तसाच येतो.

तिसऱ्या दिवशी खिडकीत रांग लावली.
तोटीच्या तीस शिश्यांत दोनच काळ्या.
शमीमबीची स्वच्छ, थोडी पिवळट, जशी होती तशी.
मास्तरांची स्वच्छ.
देणाऱ्या हातांच्या तीसपैकी एकोणीस
शाईच्या दौतीसारख्या.
मास्तरांची त्यात होती.
आणि चोवीस नंबर,
ज्याच्यावर मी घाईत आमचंच आडनाव लिहिलं होतं.

आमचा फिल्टर चांगला आहे.
आमचा माठही रोज घासतात.
आई दिवसभर मोंढ्यात हळकुंडं निवडते,
आली की आधी पेला माठात बुडवते,
मनगटापर्यंत, मग मला देते.
बावीस वर्षं झाली.

मी काही बोलले नाही, शिश्या झाकत होते.
तिनं चोवीस नंबर उचलून उजेडाला धरली,
माझंच अक्षर वाचलं, अडखळत, कऱ्‍हा-ळे,
आणि म्हणाली, "हे माझ्या हाताचं व्हय?"

मी म्हणलं, हाताचंच असं नाही, पेल्याचंही असेल,
धूळ असते, पाल फिरते, झाकणी नीट बसत नाही.
ती ऐकत होती आणि मोरीत हात घासत होती.
पिवळं निघत नव्हतं.
पिवळ्याचा काही संबंध नाही आई,
ते मी तीनदा सांगितलं.

आठवडी बाजारातून लांब दांड्याचं ओगराळं आणलं,
साठ रुपये, दहा शिश्यांची कमाई.
तिनं ते कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलं.

अहवालात चोवीसपुढं लिहिलं : फिल्टर ठीक.
कारणाचा रकाना अरुंद होता.
आडवी रेघ मारून दिली.

आता मी बाहेरून आले की
ती पाणी काढत नाही.
ओगराळं देते फक्त,
विळा देतात तसं,
दांडा माझ्याकडं करून.
मी माझा पेला भरते,
खुणेपर्यंत.